शंभर मीटरच्या आतली आक्का

मला अर्ज लिहिता येतो. कुणाला गाता येतं, कुणाला पोहता येतं, तसं. धाराशिवच्या एका कॉलेजात तीसेक वर्षं कारकुनी केली, त्यात हाताला हे एकच वळण लागलं. 'वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' हे मी झोपेतसुद्धा न चुकता लिहीन. रिटायर झाल्यावर कुणी शेती धरतं, कुणी नातवंडं धरतं. मी इतिहास धरला. तो मला कळत होता अशातला भाग नाही, पण त्यावर अर्ज करायला वाव पुष्कळ होता.

माझं गाव तेर. तेरचा माणूस इतिहासाबद्दल गप्प बसला तर समजावं त्याला ताप आलाय. आमच्याकडं खड्डा खणला की खापरं निघतात, पाऊस उघडल्यावर पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर हिंडलं की मणी सापडतात, आणि चहाच्या हॉटेलात बसलेला कुणीही तुम्हाला रोमपर्यंतचा व्यापार समजावून सांगतो. त्यातून आमची वस्ती बौद्धांची. वडलांच्या पिढीनं छप्पन्न सालानंतर धर्म बदलला. पुढं कधीतरी आम्हाला कळलं, की ज्या टेकाडाच्या कडेला गावानं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या बसवलं होतं, त्याच्या पोटात जुन्या बौद्धांचंच बांधकाम आहे. हे कळल्यापासून मी जो छाती काढून चालायला लागलो तो आजतागायत. जयंतीच्या मंचावर मला दहा मिनिटं दिली तर मी पस्तीस मिनिटं घेतो. 'आपण इथं उपरे नाही, आपण इथले सगळ्यांत जुने' या वाक्याला टाळ्या पडतात. टाळ्या संपल्या की मी ते वाक्य पुन्हा म्हणतो.

आमचं घर त्या टेकाडाच्या खालच्या अंगाला. तीन खोल्या, वर पत्रे, पुढं लांबोळकं अंगण. तिथं राहते माझी थोरली बहीण, आक्का. तिचा नवरा लवकर गेला, सासरच्यांनी तिला माहेरची वाट दाखवली, आणि ती घरी येऊन दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायला लागली. तिच्या हजेरीच्या पैशांवर मी शिकलो. हे मी भाषणात आवर्जून सांगतो. आक्का त्या वेळी बहुधा उठून गेलेली असते, कारण शेळ्यांना पाणी पाजायचं असतं.

नोकरी लागल्यावर मी धाराशिवला घर बांधलं. त्यात दोन संडास काढले, एक देशी आणि एक खुर्चीचा. गावाकडच्या घरात मात्र एकही नव्हता. आक्का आळीतल्या बायकांबरोबर ओढ्याकडं जायची. हे मी भाषणात सांगत नसे.

आता त्या भिंतीचं सांगतो. घराची मागची भिंत खालून कमरेपर्यंत जुन्या विटांची आहे. रुंद, लांब, फिकट विटा. वरचा भाग वडलांनी मातीनं चढवला. तेरच्या या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. भाताचं तूस घालून त्या भाजत, म्हणून हलक्या झाल्या असं म्हणतात. आम्ही लहानपणी या विटांच्या होड्या करून डबक्यात सोडायचो. इतिहासाशी माझा पहिला संबंध तोच, आणि खरं तर तेवढाच.

काही वर्षांमागं पुरातत्त्व खात्याचे एक साहेब टेकाडाची हद्द ठरवायला आले. तिशीतले, सौम्य, टोपी घातलेले गृहस्थ. त्यांच्या नकाशावर टेकाडाचा वरच्या अंगाचा, खोदकाम झालेला भाग तेवढा रंगवला होता. आमची आळी त्यापासून शंभर मीटरच्या बाहेर राहत होती. शंभर मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई असते. बाहेर परवानगी काढून का होईना, माणसाला दोन विटा रचता येतात. म्हणजे नकाशा आमच्या सोयीचाच होता. पण मला तो अपमान वाटला. सगळा इतिहास वर आणि आम्ही पुन्हा वेशीबाहेर, असं काहीतरी डोक्यात शिरलं. मी साहेबांना म्हणालो, या, तुम्हाला एक गंमत दाखवतो.

घरी आणून मी त्यांना भिंत दाखवली. मग खालची एक सुटलेली वीट उपसली, आक्कानं शेळ्यांसाठी भरून ठेवलेली बादली पुढं ओढली आणि वीट पाण्यात सोडली. ती तरंगली. मी साहेबांकडं असं पाहिलं जणू वीट मीच भाजली होती. साहेब मात्र गंभीर झाले. गुडघ्यावर बसून त्यांनी भिंत मापली, फोटो काढले, वहीत लिहिलं. मग माझ्याकडं वळले.

"ही भिंत यादीत आली तर घर तुमचंच राहील," ते म्हणाले. "पण भिंतीला हात लावता येणार नाही, आणि भिंतीपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकाम करता येणार नाही. घरच्यांना विचारून घ्या."

"घरचा मीच आहे," मी म्हणालो.

आक्का दारात उभी होती. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, पण मी बोलतच राहिलो. साहेब गेल्यावर ती एवढंच म्हणाली, की वीट काढ आणि पाणी ओतून दे, शेळ्या तहानल्यात.

त्यावर मी दोन पानी अर्ज केला. सोबत आठ फोटो जोडले, त्यातल्या तीन फोटोंत मी आहे. माझ्या आयुष्यातला हा एकच अर्ज असा, की ज्याची स्मरणपत्रं पाठवावी लागली नाहीत. भिंत यादीत आली. अंगणासमोर निळा बोर्ड लागला. या वास्तूची मोडतोड करणाऱ्याला शिक्षा होईल असं त्यावर लिहिलं होतं. मी बोर्डाखाली हात बांधून फोटो काढला आणि आठवडाभर स्टेटसला ठेवला. ज्या जागेवरून आम्हाला आजवर सगळे हुसकायला बघत होते, त्या जागेला सरकारच पहारा देतंय, याचा मला मनापासून आनंद झाला होता. त्या आनंदाची मला आजही लाज वाटत नाही. लाज पुढच्या गोष्टींची वाटते.

पहिली गोष्ट शेजारणीची. आमच्या समोरच्या घरातल्या या बाईंना सरकारी योजनेतून संडास मंजूर झाला होता. नवराबायकोनं दोन दिवस खपून कंबरभर खड्डा खणला. ग्रामपंचायतीनं येऊन काम थांबवलं, कारण आता त्यांचं घर आमच्या भिंतीच्या शंभर मीटरच्या आत आलं होतं. बाई मला विचारायला आल्या. मी त्यांना बोर्डापाशी नेलं, त्यावरचा मजकूर वाचून दाखवला आणि म्हणालो, की वहिनी, वारसा जपायचा म्हटल्यावर थोडा त्याग करावा लागतो. त्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून खड्डा बुजवला. मला वाटलं, त्यांना पटलं.

मग आक्काचे गुडघे गेले. जन्मभर उकिडवं बसून खुरपलेले गुडघे, ते जाणारच होते. धाराशिवला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, यांना आता खाली बसवायचं नाही, घरात खुर्चीचं संडास आहे ना? मी ताबडतोब 'आहे' म्हणालो. खोटं नव्हतं ते. माझ्या घरात होतं.

म्हणून तिला माझ्याकडं आणलं. पंधरा दिवस राहिली. माझ्या बायकोनं तिचं सगळं नीट केलं, तक्रारीला जागा नव्हती. सोळाव्या दिवशी आक्कानं लुगड्याचं गाठोडं बांधलं. तुझ्याकडं समदं हाय, म्हणाली, पण दार उघडलं की समोर भिंतच, माणूस दिसत न्हाय. शेळ्याही शेजारणीच्या गळ्यात टाकून आली होती. मी तिला एसटीत बसवताना शब्द दिला, की आठ दिवसांत तुझ्या घरी संडास बांधून देतो. एवढी वर्षं का बांधला नाही, असं तिनं विचारलं नाही. तिनं न विचारलेल्या प्रश्नांची यादी केली तर दोन पानी अर्जात मावायची नाही.

गवंडी घेऊन गेलो. त्यानं अंगणाच्या कोपऱ्यात चुन्यानं चौकोन आखला, एवढ्यात ग्रामसेवक आले. चांगला माणूस. त्यांनी गवंड्याला काही म्हटलं नाही, मलाही म्हटलं नाही, नुसतं बोर्डाकडं बोट केलं. मी म्हणालो, अहो, घर आमचं आहे. ते म्हणाले, काका, बोर्डाखालचा फोटो तर तुमचाच होता, मी लाईकसुद्धा केला होता. गवंड्यानं चुना पायानं पुसून टाकला.

तिथून माझ्या अर्जांचा दुसरा मोसम सुरू झाला. पहिला अर्ज असा, की सदर भिंत प्राचीन नाही. वडलांनी इकडून तिकडून विटा गोळा करून ती रचली, आणि वीट पाण्यावर तरंगते एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण पुष्कळ हलक्या वस्तू तरंगतात. खात्याच्या कचेरीतल्या बाईंनी फाईल उघडली. आत माझाच जुना अर्ज होता. त्यात भिंत प्राचीन असल्याबद्दल 'तिळमात्र शंका नसल्याचं' मी लिहिलं होतं. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. अक्षर तेच, सही तीच, सविनय तेच. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, यातला कुठला ठेवू?

दुसऱ्या वेळी मी नियम नीट वाचून गेलो. असलेल्या बांधकामाची दुरुस्ती परवानगीनं करता येते, असं त्यात होतं. मी अर्ज केला, की आमच्या जुन्या शौचालयाची दुरुस्ती करायची आहे. फोटो म्हणून आक्काची न्हाणी जोडली: चार फरशा, तीन बाजूंनी पत्रा, एका बाजूला जुन्या लुगड्याचा पडदा. बाईंनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. यात शौचालय कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. मी निरखून पाहिलं. फोटोत एक शेळी होती, ती सरळ कॅमेऱ्याकडं बघत होती. जे नाही त्याची दुरुस्ती करता येत नाही, हे बाईंनी मला फार सौजन्यानं सांगितलं. चहासुद्धा पाजला.

मग मी धाराशिवच्या मेडिकलमधून खुर्ची आणली. खाली भांडं बसवलेली, आजारी माणसांसाठी असते ती. मला वाटलं, सुटलो. बांधकाम नाही, परवानगी नाही, अर्जसुद्धा नाही. आक्कानं ती खुर्ची भोवती फिरून बघितली, खालचं भांडं काढून हातात घेतलं.

"हे कोन उचलनार?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, लावू कुणीतरी बाई.

"न्हाय," ती म्हणाली. "आपल्या आज्यापंज्यांनी गावाची घान काढली, मेलेली ढोरं वढली. बानं ते सोडलं तवा घरात चार दिस चूल न्हवती. आता माझी घान म्या कुनाला उचलू द्यायची न्हाय."

या विषयावर मंचावरून मी किती बोललोय, पण इथं तिच्या हातातलं भांडं घेऊन परत खुर्चीला बसवलं. खुर्ची मी परत नेली. मेडिकलवाल्यानं विचारलं, साईज बसली नाही का? मी हो म्हणालो.

त्यानंतर एकदा मी तेरला मुक्कामाला राहिलो. संध्याकाळी आक्कानं मला ताटात दोन भाकरी वाढल्या, घट्ट वरण, वर तेल, बाजूला ठेचा. स्वतः शेजारी बसून राहिली. तू जेव की म्हटलं, तर दुपारचंच पोटात हाय म्हणाली. तांब्या पुढं केला तर घोटभरसुद्धा प्यायली नाही. मला काही वाटलं नाही. म्हातारी माणसं कमी जेवतात, एवढं सामान्यज्ञान मला होतं. हात धुवायला बाहेर आलो तर समोरच्या वहिनी ओट्यावर भांडी घासत होत्या. त्या उठून रस्ता ओलांडून आल्या.

"भाऊजी, तुमास्नी ठावं न्हाय वाटतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आक्का सांजच्याला जेवतच न्हाईत. पानी बी पीत न्हाईत. उठाय लागू ने म्हनून. पाटंच्याला म्या धरून नेते वड्याकडं, तवर तशाच दम धरून ऱ्हात्यात."

किती दिवस झाले म्हणून मी विचारलं. गुडघे गेल्यापासून, दोन वर्षं झाली, त्या म्हणाल्या. मग परत जाऊन भांडी घासायला लागल्या. ज्यांचा खड्डा मी भाषण देऊन बुजवायला लावला, त्या बाई रोज पहाटे माझ्या बहिणीला धरून नेत होत्या. मला त्या क्षणी माझी फार लाज वाटली. ही लाज शोभेची नव्हती, भाषणात वापरता येण्यासारखी नव्हती. दोन वर्षं माझी बहीण उपाशी झोपत होती, आणि तिच्या अंगणात माझा बोर्ड उभा होता.

आत आक्कापाशी आलो. आणि सवयीप्रमाणं कागदांकडं वळलो. पिशवीतून नियमांची छापील प्रत काढली आणि म्हणालो, आक्का, मी हातावर हात धरून बसलो नाही, हे बघ, सगळं वाचून काढलंय, कुठं फटच नाही. आणि तिला वाचून दाखवायला लागलो. तिला वाचता येत नाही; सहीपुरतं नाव तेवढं मी शिकवलंय. ती सुपात शेंगांची टरफलं काढत ऐकत होती. मी प्रत्येक कलम वाचायचो, मग सोपं करून सांगायचो, मग त्यावर माझं मत द्यायचो. बांधकाम कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, ते कलम आलं. मनाईतून काय काय वगळलंय ते मी भराभरा वाचून टाकलं: नाल्या, गटारं, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक सोयी, सार्वजनिक शौचालयं, मुताऱ्या.

"थांब," आक्का म्हणाली. "फिरून वाच ते."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजी गावाचा आसंल तर बांधू देत्यात?"

मी म्हणालो, हो, पण ते सार्वजनिक असतं. ग्रामपंचायतीचं. आपलं घरचं नव्हे.

"मंग गावाचा कर की. आळीतल्या समद्या बाया येतील."

हे कलम मी निदान वीस वेळा वाचलं होतं. त्याच्या समासात पेन्सिलनं बरोबरची खूणसुद्धा होती, माझ्याच हातची. पण 'सार्वजनिक' हा शब्द दिसला की माझं डोकं पुढच्या ओळीवर जायचं. आपल्या कामाचं काय, तेवढंच मी शोधत होतो.

आणि आता गंमत अशी, की उपाय सापडल्यावर मलाच तो नको झाला. सार्वजनिक करायचं तर जागा ग्रामपंचायतीच्या नावावर करून द्यावी लागणार. अंगणाचा रस्त्याकडचा तुकडा, भिंतीपासून सगळ्यांत लांबचा. घर दोघांच्या नावावर, म्हणजे माझी सही लागणार. मी आक्काला समजवायला गेलो, की ही जागा वडलांनी किती खस्ता खाऊन नावावर करून घेतली, ग्रामपंचायतीच्या कागदावर आपलं नाव चढावं म्हणून त्यांनी किती उंबरे झिजवले. सगळ्या गावात आपल्या मालकीचं एवढंच आहे, आणि ते काय संडासाला द्यायचं? बोलता बोलता माझा आवाज मंचावरचा झाला.

आक्कानं सूप बाजूला ठेवलं.

"बानं जागा धरली ती कशाला?" ती म्हणाली. "ऱ्हायला. मानसावानी ऱ्हायला. तू निसती मालकी मालकी करतुस. मालकीची हाय म्हनून म्या जेवत न्हाय, ही कसली मालकी?"

तिला ठाऊक होतं, की मला ठाऊक झालंय. शेजारणीनं सांगितलेलं तिच्या कानावर गेलं होतं, किंवा माझ्या तोंडावर दिसलं असेल.

खरं सांगायचं तर मी लगेच सही केली नाही. आठ दिवस रुसून धाराशिवला बसलो. त्या आठ दिवसांत मी तीन वेळा असा विचार केला, की आक्का अडाणी आहे, तिला जागेची किंमत कळत नाही. चौथ्या वेळी मात्र समोर ताट होतं, आणि ती या वेळेला तिकडं तांब्या पालथा घालून बसली असेल हे डोळ्यांपुढं आलं. घास तसाच ठेवून उठलो. सकाळच्या एसटीनं तेरला गेलो आणि सही केली. बक्षीसपत्राचा मजकूर अर्थातच मीच लिहिला. सदर जागेचा वापर केवळ स्त्रियांच्या सोयीसाठी करण्यात यावा, ही अट मीच सुचवली आणि चांगल्या भाषेत घातली. आक्कानं खाली आपलं नाव काढलं. माझ्यापेक्षा तिला कमी वेळ लागला.

पुढं कामं झाली ती सरळ. खात्याचे तेच साहेब येऊन जागा बघून गेले, भिंतीला धक्का लागणार नाही याची खात्री करून घेतली आणि पत्र दिलं. खड्डा खणताना ते स्वतः हजर राहिले. मी दिवसभर काठावर उभा. काही जुनं निघालं तर काम थांबेल, म्हणून मी हात जोडत होतो. आणि निघालं तर केवढं मोठं होईल, हा विचारही सुटत नव्हता. एका गंजक्या विळ्याशिवाय काही निघालं नाही. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. माणूस इतक्या सहजी सुधारत नाही.

चार खोल्यांचं शौचालय झालं. एका खोलीत खुर्चीचं भांडं, कडेला धरायला नळी. पाण्याची टाकी वर. झाडायला, धुवायला बाहेरून कुणी लावायचं नाही, हे आक्कानं आळीतल्या बायकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. रोज एका घरानं धुवायचं, ज्यांनी वापरायचं त्यांनीच. तिच्या स्वतःच्या पाळीला तिला खाली वाकता येणार नव्हतं, तर तिनं बदल्यात सगळ्यांची पोरं सांभाळायचं कबूल केलं.

उद्घाटनाला मी भाषण लिहून नेलं होतं. सरपंचबाईंनी फीत कापली. मी उभा राहिलो, कागद उलगडला आणि या नगरीच्या दोन हजार वर्षांच्या परंपरेपासून सुरुवात केली. परंपरा अजून पहिल्या शंभर वर्षांत होती, तोवर समोरच्या बायका उठून रांगेला लागल्या. सगळ्यांत पुढं आक्काला उभं केलं होतं. ती काठी टेकत दारापर्यंत गेली आणि बाजूला झाली.

"आदी तिला जाऊ द्या," तिनं समोरच्या वहिनींकडं हात केला. "तिनं खड्डा आदी खनला हुता."

वहिनी आत गेल्या. मी कागदाची घडी घातली. ऐकायला तसंही कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी मी मुक्कामाला राहिलो. उन्हाळ्याचे दिवस, सात वाजले तरी बाहेर उजेड होता. आक्कानं माझ्या शेजारी आपलंही ताट घेतलं. दीड भाकरी खाल्ली, वर ताक प्यायली, आणि मग तांब्या तोंडाला लावून सावकाश अर्धा केला. मी नुसता जेवत राहिलो. आनंदात मीही जरा जास्तच जेवलो, आणि त्याचा परिणाम थोड्याच वेळात जाणवला. उठून पायात चपला घातल्या आणि अंगणाच्या टोकाकडं निघालो.

"कुठं चाललास?" आक्कानं ओट्यावरून विचारलं. "बायकांचं हाय ते."

मी थांबलो. दारावर लाल अक्षरात 'महिलांसाठी' लिहिलेलं होतं, आणि तशी अट घालणारा कागद माझ्याच हातचा होता. मी विचारलं, मग मी कुठं जाऊ?

आक्कानं कोपऱ्यातला डबा माझ्या हातात दिला आणि ओढ्याकडं बोट केलं.

चाळीस वर्षांत मी त्या वाटेनं गेलो नव्हतो. बाभळी वाढल्या होत्या, वाटेत काटे, काचा, कुत्री. एका झुडपाआड कसाबसा बसलो. माझेही गुडघे काही तरुण राहिले नव्हते, ते करकरले. जरा टेकतो न टेकतो तोच पलीकडच्या आळीच्या बाजूनं पावलं वाजली. दोन बायका डबे घेऊन येत होत्या. मला बघून त्या जागच्या जागी थबकल्या आणि चटकन पाठ करून उभ्या राहिल्या.

"कोन हाय गं?" एकीनं खालच्या आवाजात विचारलं.

"आक्काचा भाऊ. त्यो भाषनवाला."

"मंग येळ लागंल," पहिली म्हणाली, आणि दोघींनी डबे खाली ठेवले.

त्या तशाच उभ्या होत्या, पोटातली कळ दाबून, मी उठायची वाट बघत. मी होईल तेवढ्या लवकर उठलो आणि त्यांच्या समोरून जावं लागू नये म्हणून दुसऱ्या बाजूनं, काट्यांतनं घरी आलो.